अर्जाआधीच घातलेलं गाऱ्हाणं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्यापुढे एक प्रश्न होता आणि तो विचारायला घरात कोणी नव्हतं. एम.ए.साठी दिल्लीतल्या एका नामांकित विद्यापीठात अर्ज करावा की नाही? तिथे भूगोलाच्या जागा थोड्या आणि प्रवेशपरीक्षेला मुलं देशभरातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिक्षणासाठी माझा प्रवास कापडे गावाहून पोलादपूर आणि तिथून महाड, एवढाच झालेला.

कॉलेजातले सर म्हणाले, "अर्ज कर. न करताच नाही म्हणण्यात काय अर्थ आहे?"

मला मात्र त्यात अर्थ दिसत होता. त्या परीक्षेचा अभ्यास वेगळा आणि इंग्रजीतून. त्यात वेळ घालवून बी.ए.चे गुण घसरले, तर गुणांवर मिळणारा मुंबईचा एम.ए.चा प्रवेशही हातचा जायचा. शिवाय एक गोष्ट मी सरांना सांगितली नाही. अर्जच केला नाही तर मला कोणी नाकारणार नव्हतं.

घरी मी बाबांना इतकंच म्हटलं होतं, की दिल्लीचा विचार चालू आहे. त्यांच्या लेखी तेवढ्यानं ते ठरलं.

शिमग्यात देवाची पालखी दारात आली. आमच्याकडे पालखी अंगणात टेकली, की घरातलं मोठं माणूस आपलं मागणं मानकऱ्याच्या कानात सांगतं आणि मानकरी ते देवाला मोठ्यानं सांगतो. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. ते अख्खी वाडी ऐकते. मी आईशेजारी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. बाबांचं ऐकून म्हाताऱ्या मानकऱ्यांनी हात जोडले आणि ते खणखणीत आवाजात म्हणाले, "या घरची लेक दिल्लीच्या मोठ्या कालेजात अर्ज करतेय. तिला तिथं जागा मिळू दे!"

सणाला मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ मागून म्हणाला, "दिल्ली? अगं, तिथे टॉपर लोक पण रडतात. तू डायरेक्ट देवाकडेच सेटिंग लावलीस होय?"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर मी बाबांना पडवीत गाठलं.

"बाबा, मी अर्ज केलेलाच नाय अजून."

"मग कर की."

"आणि जागा नाय मिळाली तर? आता सगळ्यांना कळलंय."

बाबा खरोखरच गोंधळले. "गो, पलीकडचा काका दरसाल पोराच्या नोकरीचं मागतो. पोरगं अजून घरातच हाय. काकाला कोण हसलं काय?"

"मला आत्ता दादा हसला."

"तो गेल्या साली पालखीपुढं माझ्या नाचण्याला पण हसला. मी नाचायचा थांबलो काय?"

मी विचारलं, "आणि मिळाली तर पाठवाल?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत. "ते मिळाल्यावर बघू. तुझ्या आईला इचारावं लागंल."

बाबांच्या बोलण्यानं भीती गेली असं नाही. पण न मिळणं ही लपवायची गोष्ट आहे, असं आमच्या वाडीत माझ्याशिवाय कोणालाच वाटत नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात मी अर्ज भरला. एसटीत दिल्लीचा अभ्यास आणि घरी बी.ए.चा, अशी वाटणी केली. ती काही रोज जमली नाही.

दिल्लीच्या यादीत माझं नाव नव्हतं. बी.ए.चे गुणही थोडे घसरले, पण मुंबईचा प्रवेश झाला. अर्ज करून बरं केलं का, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. इंग्रजीतून भूगोल वाचायची सवय त्या महिन्यांत लागली, एवढं सांगता येतं.

निकालानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले, तेव्हा एसटीच्या थांब्यावर समोरच्या घरातली काकी भेटली.

"काय झालं गो दिल्लीचं?"

"नाय मिळाली काकी."

"बरं. मग आता कुठं?"

"मुंबईला."

"तिथं जेवायचं काय करशील?" ती म्हणाली आणि गाडी येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत राहिलो.