बादलीत बुडवलेली बॅटरी

पोलादपूरच्या बाजारात तात्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा बॅटरी घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिलीच नाही. सेल घातले, कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली, उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली आणि म्हणाले, "चाय घेनार काय, बाई? धा मिंटं लागतील." मला वाटलं, माणूस सरकलेला दिसतोय. दहा मिनिटांनी त्यांनी ती बाहेर काढून पंच्याने पुसली, बटण दाबलं आणि झोत सरळ माझ्या तोंडावर मारला.

"अहो, डोळ्यांत नको!" मी खेकसले.

"गिऱ्हाईक वरडलं म्हंजे पास," तात्या म्हणाले.

मी तेव्हा नुकतीच उपकेंद्रावर नर्स म्हणून आले होते. वाड्या सगळ्या डोंगरावर. बाळंतीण बघून उतरायला लागावं तर पावसाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. त्या एका पावसात दोन बॅटऱ्यांनी मला दगा दिला होता. दुसऱ्या वेळी तर मी अर्धी उतरण बसून, हातांनी चाचपत उतरले. हे सांगितलं तेव्हा तात्यांनी बॅटरीआधी माझेच हात बघितले. "एका हातात छत्री? मग बटन अंगठ्याखाली पायजे. ही नको, ही लुकलुक करते. लुकलुक कशाला? गनपतीफुडं लावायची हाय?" पाच बॅटऱ्या बाजूला सारून त्यांनी सहावी काढली होती, तीच बादलीत गेली. साधी, दोन सेलांची, मनगटात अडकवायला दोरी असलेली. जाताना बजावलं, "पावसाळा सरला की सेल काढून ठेवा. आत पाझरलं तर माझ्या नावानं बोंब मारायची नाय."

बादलीत किती बॅटऱ्या मरायच्या! एकदा माल टाकायला आलेला विक्रेता वैतागून म्हणाला, "तात्या, बॅटरी आहे ती, मासा नाही!" तात्या थंडपणे म्हणाले, "मरायचीच तर हितं मरू दे. वाटेत नको." मेलेल्यांचे स्प्रिंग नि काचा ते डब्यात जपून ठेवायचे, दुसऱ्यांच्या दुरुस्तीला.

एका जुलैत घाटात दरड आली, चार दिवस वीज नव्हती. दुकानापुढे ही झुंबड. मुंबईहून गावी आलेला एक जण ओरडायला लागला, "काका, टाइम नाय, तशीच द्या ना!" तात्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "घाई तुजी हाय रे, नाव माजं हाय." त्याचीही बॅटरी बादलीत गेलीच. मग झोत डोळ्यांवर, मग त्याची बोंब, मग पुढचा. मीही रांगेत चरफडत उभी होते. तात्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय दुसरीकडे जाववतही नसे.

पुढे साखरेने त्यांचे डोळे नेले. दुकान सून बघू लागली, पण बादली तात्यांकडेच राहिली. दिसत नसताना लागली-न लागली कसं कळतं, मी विचारलं. "पयले काचेवर हात ठेवला की ऊब लागायची," ते म्हणाले. "ह्या नव्या दिव्यांना ऊबच नाय. पन मानसं वरडतात ना अजून."

निवृत्त होऊन मी महाडला राहायला गेले. तरी वाडीवरच्या बायकांकडे जाणं सुटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्याआधी माझी जुनी बॅटरी रुसली, तशी ती घेऊन पोलादपूरला गेले. तात्या खूप वाळले होते. पण बॅटरीवरचा जुना पोचा चाचपताच म्हणाले, "आमची नर्सबाय!" त्यांनी ती उघडली, पुसली, स्प्रिंग बदलला, आतला दिवाही नव्या तऱ्हेचा बसवला, नवे सेल घातले. अर्धा तास. मग बादली, पंचा, आणि तो हात माझ्या तोंडासमोर.

बटण वाजलं. उजेड नव्हता.

"लागली?" त्यांनी विचारलं. तोंडभर हसत होते हो! आयुष्यभर पोरांना 'सुई दुखत नाही' म्हणून सांगत आलेली बाई मी. तोंडातून निघून गेलं, "लागली, तात्या. छान लागली."

त्यांचं हसू मावळलं. हात तसाच राहिला.

"इतक्या वर्सांत पयल्यांदा वरडला नाय तुमी," ते हळूच म्हणाले. "मेली ना? माज्यासाठी खोटं बोललात. आनि ही घेऊन वाट उतरला असता, बाय?"

मला मान वर करवेना, आणि तात्यांना तर ते दिसतही नव्हतं. त्यांनी सुनेला हाक मारून नवी काढायला लावली. बटण अंगठ्याखाली, दोरी मनगटाला. ती दहा मिनिटं बादलीत पडून राहिली. मग झोत आला, थेट डोळ्यांत.

"अहो तात्या, डोळ्यांत नको!" मी ओरडले, आणि रडलेसुद्धा.

"हां. आता खरी," ते म्हणाले.

गणपतीच्या आधीच तात्या गेले. सुनेचा फोन आला तेव्हा मी वाडीवर होते. वेळेवर जाता आलं नाही. ती बॅटरी माझ्या दाराजवळ खिळ्याला असते. संध्याकाळी बाहेर निघताना मी आधी ती स्वतःच्याच तोंडावर मारून बघते. डोळे दिपतात, पाणी येतं, आणि घरात कुणी नसतानाही मी मोठ्याने ओरडते, "अहो तात्या, डोळ्यांत नको!" मगच उंबरा ओलांडते.