कावळ्याची साक्ष काढणारे सेतुराव

सकाळी बागेत भेटलेल्या माणसाला सेतुराव नमस्कार करत नसत. "मोबाइल काढा," म्हणत.

फॅक्टरीतून रिटायर झालेली आम्ही दहा-बारा माणसं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या बागेत दगडी बाकांवर बसायचो. समोर हे उभे. कपाळाला गंध, कमरेला पांढरी वेष्टी, हातात तुळशीची माळ. सगळ्यांचे मोबाइल निघाले की हुकूम सुटायचा, "हां, विचारा." मग आम्ही सगळे आपापला मोबाइल तोंडाशी धरून विचारायचो, "आवडीत श्राद्धाचा स्वयंपाक कोण चांगला करतं?" यादीत त्यांच्या बहिणीचं, तुळजाक्काचं नाव आलं की त्यावर बोट ठेवायचं, तिच्या वड्यांचा फोटो बघायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. इकडं सेतुरावांचा एकेक मणी सरकत असायचा. माळ पुरी झाल्याशिवाय चहा नाही. शेजारून पळणारी कॉम्प्युटरवाली पोरं थांबून बघायची. एवढे म्हातारे भल्या पहाटे श्राद्धाची चौकशी करताहेत म्हणजे यांना घाई झालेली दिसते, असं त्यांना वाटत असणार.

मी चौथी शिकलेला माणूस. कोरेगावाकडून पोट घेऊन इकडं आलो आणि लेथवर जन्म काढला. मला काही पाहिजे असेल तर मी माणसाला विचारतो, यंत्राला नाही. हे मी सेतुरावांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

ते म्हणाले, "बापूराव, रामनाम कोटी वेळां लिहिलें तर राम येतो कीं नाहीं?"

"येतो म्हणतात."

"मग हें यंत्र रामाहून मोठें कीं काय? नांव घेत राहा. वर येतेंच."

आता रामाशी कोण भांडणार? मोबाइल काढला.

सेतुराव तंजावरचे. तीनशे वर्षांमागं तिकडं गेलेली मराठी माणसं असतात ना, त्यातले. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं हा माणूस पोथी वाचतोय. मधेच "अय्यय्यो" आला तेव्हा कळलं की बोलतोय. माझी मराठी त्यांना रांगडी वाटायची. "तुम्ही बोलतां कीं भांडतां?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "आमच्याकडं दोन्ही एकच." सेतुरावांनी लग्न केलं नव्हतं. कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि सगळा जन्म धाकट्या बहिणीच्या हातचं जेवले. ती विधवा झाल्यावर दोघं एका घरात राहू लागली.

तुळजाक्का श्राद्धाचा स्वयंपाक करून द्यायची. ओलेत्यानं, सोवळ्यात. सोवळ्याला ती मडी म्हणते. तिच्या मडीत कुणी शिरायचं नाही. मोबाइल तर उंबऱ्याच्या बाहेर. आवडीपासून अंबत्तूरपर्यंत कुणाच्या घरी तिथी असली की तिचे डबे जायचे. पण पूर्वी लोक भटजींना विचारायचे, आता मोबाइलला विचारतात. मोठे केटरर वर आले, तुळजाक्का खाली गेली. तिचा मुलगा प्रकाश बेंगळुरूला असतो. त्यानं सांगून टाकलं, "अम्मा, येत्या महालयापर्यंत ऑर्डरी नाही आल्या तर स्वयंपाकघराला कुलूप. तू माझ्याकडं यायचं." तिला जायचं नव्हतं. तिकडं सतराव्या मजल्यावर सून चहासुद्धा यंत्रात करते. ती गेली असती तर सेतुरावांचं काय झालं असतं, हे कुणी बोलत नव्हतं. म्हणून ती माळ.

आणि बघा, माळेनं नाव वर आलं! यादीत पहिलं. सेतुरावांनी बागेत खडीसाखर वाटली. "सांपडला तो आहे, न सांपडला तो नाहीं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी ते त्यांनी माळ्यालाही ऐकवलं.

पण ती खडीसाखर तोंडात विरघळते न विरघळते तोच यंत्रानं कायदा बदलला. एके सकाळी आम्ही विचारलं, तर तुळजाक्का पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. खाली खाली बघत गेलो, पार तिरुवळ्ळूरचे मंगल कार्यालयवाले लागले तरी तिचा पत्ता नाही. सेतुराव मट्कन बाकावर बसले. प्रकाशला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, रोज त्याच बाकावरून तेच मोबाइल तेच विचारतात. त्याला वाटतं तुम्ही लबाडी करताय. आता ते असलं धरत नाही. खऱ्या गिऱ्हाइकांनी चांगलं लिहायला पाहिजे."

"जपांत लबाडी कसली रे?" सेतुराव फोनवर ओरडले. "देवानें कधीं म्हटलें कीं एकाच आसनावरून हाक मारूं नको?"

मग गिऱ्हाइकांच्या मागं लागले. आता तुम्हीच सांगा, श्राद्धाच्या जेवणाला लोक काय लिहिणार? आमच्यातला मुरुगेशन भिडेखातर तयार झाला. त्याच्या आजीच्या तिथीला डबे गेले होते. त्यानं पाच चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, "फार रुचकर. पुढच्याची वाट पाहतो." त्याच्या घरात त्या वेळी त्याच्याहून म्हातारा एकच होता, त्याचा काका. तो काका त्यानंतर मुरुगेशनच्या हातचं पाणी पिईना.

मग अमावास्येला मला सेतुरावांचा निरोप आला, गच्चीवर या. गेलो तर कठड्यावर केळीचं पान मांडलेलं. पितरांचं. इथं तमिळ घरांतही आधी कावळ्याला घालतात, मग आपण जेवतात. सेतुराव म्हणाले, "बापूराव, माणसें लिहीत नाहींत. ज्याच्यासाठीं रांधलें त्याचीच साक्ष काढूं. धरा मोबाइल."

"मला हलतं चित्र काढता येत नाही."

"लेथ चालवलांत कीं नाहीं जन्मभर? तसाच धरा. हलूं नका."

धरला. कावळा आला. वडा उचलला, गिळला. खीर चाखली. दुसरा कावळा उतरायला लागला तर यानं त्याला हाकललं. मग पान रिकामं झाल्यावर हा पठ्ठ्या उडून जाईना. चोचीनं कठड्यावर टकटक करायला लागला आणि आमच्याकडं मान वाकडी करून बघायला लागला. सेतुराव भान विसरले. वेष्टी आवरत नाचले आणि तमिळमधे ओरडले, "काक्का पोय सोल्लादु!" म्हणजे कावळा खोटं बोलत नाही. अर्ध्या चित्रात माझा अंगठा आलाय. त्याबद्दल लोक मला अजून बोलतात, पण अंगठा स्थिर आहे, हे कुणी बघत नाही.

ते चित्र त्यांनी टाकलं आणि आठवड्यात सगळ्या चेन्नईनं बघितलं. कुणी त्याला ढोल लावला, कुणी कावळ्याला काळा चष्मा घातला. टायरच्या दुकानावर पाटी लागली, "कावळा खोटं बोलत नाही, आमचा टायरही." माझी नात सिरुसेरीला नोकरी करते, तिच्या ऑफिसात साहेबांनी कामाचा हिशेब मागितला की पोरं टेबलावर टकटक करून मान वाकडी करायची. सेतुराव रस्त्यानं निघाले की रिक्षावाले हात जोडायचे, "काक्का तात्ता!" म्हणजे कावळेआजोबा. ते छाती काढून चालायचे.

फोन सुरू झाले. रात्रंदिवस. पण श्राद्धासाठी एकही नाही.

झालं होतं असं, की एवढ्या लोकांनी कावळा बघितला, कावळा कुठं जेवतो ते शोधलं, की यंत्रानं आपल्या डोक्यानं ठरवलं: हे पाखरांच्या खाद्याचं दुकान आहे. तुळजाक्काचं नाव परत पहिलं आलं, आणि खाली, "पक्षी आहार, आवडी." श्रीपेरुंबुदूरच्या एकानं विचारलं, शर्यतीच्या कबुतरांना काय देता? एकानं विचारलं, कोंबडीचं ठेवता का? मग सिरुसेरीहून एका बाईंचा फोन. त्यांचा पोपट चार दिवस खात नव्हता, उदास होता. डॉक्टरांनी मीठमसाला बंद सांगितला होता. बाई फोनवर रडत होत्या.

सेतुराव उंबऱ्याबाहेर उभे राहून आत म्हणाले, "तुळजा, एक पोपट जेवायला येऊं म्हणतो."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मी पितरांस रांधतें. पांखरांची खाणावळ नाहीं उघडली!"

"अळणी भात पाहिजे म्हणे."

"सांगितलें ना नाहीं म्हणून!"

"पिंडाचा भात अळणीच ना गं?" सेतुराव हळूच म्हणाले. "आणि पितर कोणत्या रूपानें दारीं येतील, तुज ठाऊक? मज तर नाहीं. आपल्या अप्पांस हिरवा रंग फार आवडे."

थोड्या वेळानं आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

बाई पिंजरा घेऊन आल्या. तुळजाक्कानं तीळ घातलेला भात दुरूनच द्रोणात घालून सरकवला. पोपटानं एक डोळा मिटून तो बघितला आणि द्रोणासकट खाल्ला. बाईंनी मोबाइलवर पानभर लिहिलं, फोटो टाकले, आणि महिन्याभरात तुळजाक्काच्या ओसरीवर पिंजऱ्यांची रांग लागली. तिनं पाखरांनाही शिस्त लावली. आधी पितरांचा नैवेद्य, मग पाखरं, मग माणसं. मडी तशीच. एका परदेशी पांढऱ्या पोपटानं तिच्या निऱ्यांना चोच लावली तर ती परत आंघोळ करून आली आणि त्या दिवशी त्याला सगळ्यात शेवटी वाढलं.

महालयाच्या पंधरवड्यात प्रकाश मोटार घेऊन आईला न्यायला आला. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. त्याची आई ओलेत्या लुगड्यात उभी राहून एका मैनेला रागवत होती, "हळू खा गं, कोणी ओढून नेत नाहीं!"

"अम्मा, हे काय चाललंय?"

"मग बोल. आतां मज वेळ नाहीं."

प्रकाश रिकाम्या मोटारीनं परत गेला. सेतुरावांनी मला कोपरखळी मारली. "पाहिलेंत? कुलूप म्हणे!"

पुढं तर यंत्र स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायला लागलं. यादी नाही, काही नाही, विचारलं की बोलतं. आम्ही बागेत विचारलं, आवडीत श्राद्धाचा स्वयंपाक कुठं? ते म्हणालं, पक्ष्यांच्या आहारासाठी प्रसिद्ध असलेलं एक घर आहे. माणसांनाही चालतं, असं काही जण सांगतात. मला हसू आवरेना. सेतुरावांनी मात्र ते गंभीरपणे तीनदा ऐकलं. "काय वाईट म्हटलें? आधीं आमचें नांव घेतलें कीं नाहीं?" आणि खरंच, हळूहळू माणसांच्या ऑर्डरीही परत आल्या. जे घर पोपटाचं इतकं बघतं ते आपल्या बापाचं नीट बघेल, असा लोकांनी विचार केला असावा. लोकांच्या विचाराचं मी काय सांगू?

मार्गळी महिन्याच्या थंडीत, म्हणजे इथं जी काय थंडी असते तीत, सेतुराव दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. शेवटचं काय बोलले म्हणून विचारलं तर तुळजाक्का म्हणाली, "ताक आंबट आहे म्हणाला." दहाव्याला कावळा कसा शिवला, असं मला पुष्कळ जण विचारतात. ते मी सांगणार नाही. तेव्हा कुणाला मोबाइल काढू दिला नाही.

तेरावं झालं आणि प्रकाशनं आईची बॅग दारात आणून ठेवली. त्याचंही चुकत नव्हतं. "अम्मा, फोन मामा घ्यायचे. लोकांशी मामा बोलायचे. आता तू एकटी काय करणार?" तुळजाक्का आत उडदाची डाळ वेचत होती.

तेवढ्यात ओसरीवर माझ्याशेजारी ठेवलेला सेतुरावांचा मोबाइल वाजला. प्रकाशनं उचलून बघितलं. यंत्र विचारत होतं, हे ठिकाण अजून चालू आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. प्रकाशचं बोट 'नाही'कडं गेलं.

"थांब," मी म्हणालो. "तुला विचारलंय का? आत ने."

"ती मोबाइलला हात लावत नाही, काका. मडी."

"तू विचार तर खरं."

त्यानं उंबऱ्यातून वाचून दाखवलं. तुळजाक्कानं सूप बाजूला ठेवलं. उठली, उंबऱ्याशी आली आणि हात पुढं केला. कुठला चौकोन, ते मला विचारलं, त्याला नाही. ओल्या बोटाला यंत्र दाद देईना. तिनं बोट पदराला पुसून कोरडं केलं आणि परत दाबलं, भाताचं शीत शिजलं का बघतात तसं.

"गेलें?"

"गेलं," मी म्हणालो.

मग ती मागच्या दारी जाऊन परत आंघोळ करून आली, आणि प्रकाशला म्हणाली, "ती बॅग दारांतून काढ बघूं. पिंजरे घेऊन लोक येतील, अडखळतील."