एकाच गावात चार पॅट्रिक

मंडळी, आज माझा डबा न उघडताच घरी परत आलाय. कारण ऐका.

माझी मॅनेजर मॅगी ऑस्ट्रेलियन. तिचे पणजोबा पॅट्रिक तरुणपणी आयर्लंडमधून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांचे आईवडील कोण, हे तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला जाण्याआधी ऐकायचंय. माझे बाबा वसईच्या चर्चचं रजिस्टर लिहायचे, म्हणून लंचमध्ये मॅगीने त्या आयरिश गावातल्या बाप्तिस्म्यांची पानं मला दाखवली. "तुला यातलं कळतं ना?"

कळतं, म्हणूनच घोळ लगेच दिसला. दोन वर्षांत एकाच आडनावाचे चार पॅट्रिक! चार भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलेलं, अगदी आमच्या वसईसारखं. आणि जहाजाच्या यादीत फक्त नाव आणि अंदाजे वय.

"मग यातला माझा कुठला?"

तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. "सापडले का गं?" मॅगी माझ्याकडे बघत राहिली, मी टेबलाकडे.

माझा मुलगा पास्कल, सासऱ्यांच्या नावाचा. दोन्ही दिरांचे थोरलेही पास्कलच. वसईत सगळे त्यांना ढब्बू, चष्मिश आणि दुबईवाला म्हणतात. आम्ही दुबईशेजारच्या अजमानला राहतो, पण वसईला सगळं दुबईच. कुणाचा कधी गोंधळ होत नाही.

त्या पॅट्रिकलाही त्याची आई काहीतरी वेगळीच हाक मारत असेल ना? ती कुठल्या रजिस्टरात शोधू, सांगा कुणीतरी.