ओट्याखालून पाहायचं लेकरू

त्या दिवशी आभाळ गच्च होतं, पण पाऊस न्हवता. वारा पडलेला, लिंबाचं पान हालत न्हवतं. माझी पोरगी कमल औरंगाबादच्या दवाखान्यातून तान्हं घेऊन आमच्या पिंपळगावात आली. लेकरू एवढंसं, पण त्याच्याभोवती किस्से किती साचले! झाडलं न्हाई तर अंगणात पाला साचतो, तसे.

दवाखान्यात डॉक्टरनं मला समजावलं होतं. छातीत, काळजाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणारे शिपाई तिथं तयार होतात. "वाढा, असा त्यांना सांगावा येतो बाबा. पण याच्या शिपायांना तो ऐकायला कानच नाहीत."

म्या म्हणलं, "मंग जोरात सांगा की!"

डॉक्टर हसले. मंग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हा दोष आईकडून येतो अन् पोरग्यांनाच धरतो, असंबी ते बोलले. आमची म्हातारी, कमलची माय, कोपऱ्यात बसल्ती. आमचे दोन पोरगे पाळण्यातच गेल्ते. बाया तिच्या दुधाला नावं ठेवायच्या.

"म्हंजे माझं दूध बराबर होतं?"

"बिलकुल बरोबर होतं, आजी."

भोकरदन येईस्तोवर ती बसमध्ये रडली. मंग म्हणाली, "भूक लागली."

घरात कमलचा हुकूम! कोपरापर्यंत साबण लावल्याबिगर आत यायचं न्हाई. बाकीच्यांनी ओट्याखालून पाहायचं. तिच्या सासऱ्यांनी हात धुतले अन् धोतराला पुसले. "मामंजी, परत धुवा." परत धुतले, परत पुसले!

व्याही मला म्हणाले, "पाव्हणं, नातू पाहायला आलो का ऑपरेशन करायला?"

आजारपणात बारसं राह्यलं होतं. आत्या वडीगोद्रीहून आली. नाव कानात सांगायचं असतं, पण जवळ कोण जाऊ देतंय? ती ओट्याखालूनच ओरडली, "सोपान!"

पलीकडच्या गल्लीतला म्हातारा सोपान "ओ!" देत आला. आमचा झोपलेलाच.

बहिणीच्या हाडातला मगज जुळला तर लेकरू वाचंल, असं डॉक्टर म्हणाल्ते. कमलची थोरली मंदा नुकतीच शाळेत जाऊ लागल्ती. तिचं रक्त तपासलं. जुळलं न्हाई.

ती माझ्या कानाशी आली. "आबा, मी नापास झाले?"

"न्हाई माय. पेपरच वंगाळ होता."

थंडीत आमच्या सोपानची छाती भरली. औरंगाबादला नेला, तिथंच गेला. दुपारी जीपनं आणला. कमल ओट्यावर त्याला मांडीवर घेऊन बसली. सारी गल्ली जमली, पण सवयीनं कुणी पायरी चढंना.

शेजारची सखू, तिला मूलबाळ न्हाई. रोज ती खालूनच त्याच्याशी गप्पा मारायची. ती पायरीपाशी थांबली अन् मला म्हणाली, "मामा, आता तरी घेऊ का त्याला?"