विसापैकी एकोणीस

देवचंदला हृदयविकाराचा झटका आला तो आषाढात, ऐन रोवणीत. झटक्याचं त्याला फारसं काही नव्हतं. राग होता तो झटका बांधावर, रोवणाऱ्या सगळ्या बायकांसमोर आला याचा. नागपूरला नेऊन हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि घरी परतताना मुलानं, अश्विननं, बापाचं नाव गोंदियाच्या दवाखान्यातल्या एका उपक्रमात घालून टाकलं. रोज ठरलेला वेळ चालायचं, आणि दर सोमवारी नि गुरुवारी तिथून दुर्गेश्वरी नावाची फिजिओथेरपिस्ट फोनवर चौकशी करणार. असे बारा आठवडे.

"फोनवरून इलाज करते?" देवचंद म्हणाला. "उद्या फोनवरून धानबी रोवन थे."

देवचंद बोडीटोल्याचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ सोडायचं, हे तो ठरवायचा. त्याच्या आधी बाप ठरवायचा, त्याच्या आधी आजा. वर्षातले दहा महिने या माणसाला कोणी बिडीसुद्धा विचारत नसे. पण पोळा झाला, पावसानं ओढ दिली, की अख्खं गाव त्याला 'देवचंदजी' म्हणू लागे. तेवढ्या दोन महिन्यांसाठी तो बाकीचे दहा काढायचा. यंदा मात्र पाणीवाटप समितीनं सांगितलं होतं, काम झेपेल असा कागद दवाखान्यातून आण, नाही तर यंदा भोजराज पाणी वाटेल. भोजराज. पाणी उताराकडे जातं, हेही ज्याला हात धरून दाखवावं लागलं असतं, असं देवचंदचं मत.

कागद दुर्गेश्वरीच्या हातात होता. म्हणून देवचंद तिच्या फोनला नियमानं हजर असे. चालायला मात्र नसे. काही कामाशिवाय रस्त्यानं जायचं आणि कुठंही न पोचता परत यायचं, हे त्याच्या बुद्धीला पटेना. आमच्या गावात असा माणूस दिसला, तर बैल हरवला का म्हणून विचारतात, असं तो म्हणे. तेव्हा सकाळी पायांत बूट चढवून तो घरून निघायचा, रोशनच्या पानठेल्यावर अर्धा तास बसायचा, एक आलूबोंडा खायचा आणि घामासाठी तोंडावर पाणी मारून परतायचा.

चालून किती दम लागला, ते सहा ते वीस या आकड्यांत सांगायचं होतं. पहिल्या दिवशी दुर्गेश्वरीनं ते तीनदा समजावलं. देवचंद त्या वेळी भिंतीवरची पाल बघत होता. त्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की विसापैकी मार्क आहेत. आणि काही न करता सहा मिळतात, म्हणजे सरकारी शाळाच असणार.

"काकाजी, आज किती?"

"एकोणीस," देवचंद म्हणाला. पूर्ण वीस सांगणं त्याला उर्मटपणाचं वाटलं.

"एकोणीस? छातीत दुखलं? चक्कर आली?"

"कायले येते? फस्क्लास आहो."

हा म्हातारा दुखणं लपवतो, असं दुर्गेश्वरीला वाटलं. तिनं वीस मिनिटांची दहा केली. गुरुवारी पुन्हा एकोणीस. दहाची पाच झाली. पुढं तर तिनं चालणंच थांबवलं, खुर्चीत बसून पाय हलवा म्हणाली. देवचंदनं ठेल्यावर जाहीर केलं, "इतके मार्क पडले का, पोरीनं चालनं माफ करून टाकलं." शाळेत असताना त्याला विसापैकी चारच्या वर कधी मिळाले नव्हते. चार माणसांत बसून तो चार माणसांइतका फुगला.

पोळ्यानंतरच्या सोमवारी त्यानं कागद मागितला.

"कागद? काकाजी, तुमची पुन्हा तपासणी करायची म्हणतात डॉक्टर. खुर्चीत बसूनबी तुम्हाला एकोणीस होऊन राहिलं."

"मंग त चांगलंच हाये ना."

गोंधळ कुठं आहे, ते आता दुर्गेश्वरीच्या ध्यानात आलं. ती सावकाश म्हणाली, "वीस म्हणजे माणूस आता पडते, काकाजी. सहा म्हणजे आरामात."

सुमित्राबाई चुलीपाशी बसून फोनच्या स्पीकरवरचं सगळं ऐकत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यानं नवऱ्याबद्दल तिला आश्चर्य वाटायचं बंद झालं होतं. "मॅट्रिक नापास त व्हतेच," ती म्हणाली, "आता खुर्चीवर बसूनबी नापास झाले."

बुधवारी दोघं गोंदियाला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं येरझारा घालायच्या होत्या. आता कमी आकडा चांगला, हे देवचंदला कळलं होतं, आणि कळलं म्हणजे तो वापरणारच. आठ आठवडे ठेल्यावर काढलेला माणूस चौथ्या मिनिटाला भात्यासारखा फुगू लागला, सहाव्याला भिंतीला टेकला.

"किती, काकाजी?"

"सा...त."

दुर्गेश्वरीनं त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ठोक्यांचा आकडा पाहिला, मग सुमित्राबाईकडे पाहिलं.

"सतरा लिहा बाई," सुमित्राबाई म्हणाली. "मंधातले दहा गिळले याईनं."

"रोज चालत नव्हते का?"

"चालत व्हते ना. रोशनच्या ठेल्यापर्यंत."

बायकोनं परक्या गावात असं उघडं पाडावं, याचं देवचंदला वाईट वाटलं. पण ते बोलून दाखवायला दम नव्हता. दुर्गेश्वरीनं सुनावलं नाही, हे जास्त लागलं. हृदय ठीक आहे, ती म्हणाली, बाकीचा देह बसून खराब केलात. महिनाभर खरं चाला, मग कागद.

पाणी शनिवारी सुटायचं होतं. समितीनं ते भोजराजच्या हाती दिलं.

रविवारी उजाडताच देवचंद तलावाच्या पाळीवर उभा होता. भोजराजनं वरच्या बांध्यांचं पाणी अर्धा तास जास्त चालू ठेवलं होतं. ते सांगायला देवचंद पाटानं शेवटच्या बांधीपर्यंत गेला, तिथं पाणी पोचलंच नाही असं बघून परत आला. सोमवारी पुन्हा. या माणसाच्या चुका एका जागी बसून मोजता येण्यासारख्या नव्हत्या. पाट सव्वा कोस लांब होता आणि त्या पूर्ण लांबीभर पसरल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात दुर्गेश्वरीचा फोन आला, तेव्हा तो पाटाच्या काठानं झपाझप चालला होता. पुढं भोजराज.

"काकाजी, आज किती...?"

"थांब जरा, बाई," म्हणून त्यानं फोन तसाच खिशात टाकला. "काऊन रे भोजराज, तुया सासऱ्याची बांधी हाये म्हणून तिकडचं तोंड उघडं ठेवतं, अन् त्या वच्छलाबाईचं धान वाळून राहिलं ते कोणाच्या बापानं पाहावं, तुले पानी वाटाले बसवलं का वाढाले?"

भोजराजनं सासऱ्याच्या बांधीचं तोंड मातीनं बुजवलं. देवचंदनं फोन कानाला लावला.

"बोल."

"बारा लिहिलं," दुर्गेश्वरी म्हणाली.

"विचारलं त असतं."

"गरज नाही. चालता चालता एका दमात बोललात सगळं. पुढच्या बुधवारी या, कागद तयार ठेवते."

पुढच्या बुधवारची पाण्याची पाळी भोजराजच्याच हातून जाणार होती, आणि त्यानंतर एकच उरत होती. देवचंदनं बोटांवर दिवस मोजले, भोजराजकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मंगळवारीच आलो त चालन का, बाई?"