ताप ओळखणारं मशीन

बायको कशानं गेली असं कुणी विचारलं, की मी पोटदुखीनं म्हणायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. पुरं मी पोरांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात नात सेलूहून आली. कॉलेजात शिकते. मी मेंढरांना पाणी पाजून ओसरीवर टेकलो, तर मोबाइलवरलं वाचून दाखवायला लागली. मिठाच्या कणाहून बारीक मशीन निघालंय म्हणे. पाण्यात पोहतं, भोवती किती ऊब आहे ते मोजतं, अन् अंग हलवून तसं कळवतं. लाईटवर चालतं.

मी म्हणालो, "येलदरीच्या धरणावर लाईट तयार होतीया, तरी आपल्याकडं टिकत न्हाई. हे कसं चालायचं?"

ती लय हसली. "आबा, लाईट म्हंजे करंट न्हाई. उजेड. उजेड पडला की चालतंय."

पुढंमागं ते माणसाच्या अंगात सोडतील, आत कुठं बिघाड झाला ते ताप चढायच्या आधी कळेल, असं ती सांगत होती. पोटात उजेड कुठून आणणार, मी विचारलं. तेच अजून जमलं नाही म्हणाली, माणसात कुणी वापरलेलं नाही.

मला बरं वाटलं. म्हणजे बायको गेली तेव्हा असं काही नव्हतंच, मी तरी काय करणार. अन् मग बरं वाटल्याचीच शरम वाटली. तिला मशीन लागतच नव्हतं. जीप करून दवाखान्यात नेलं असतं तरी बस होतं.

दोन दिवस ती पोट धरून होती. आम्ही धनगर जनावराचा ताप कान धरून बघतो. तापला तर ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा कान धरला. गार होता. ताप न्हाई, ऊठ म्हणालो. ती उठली, भाकर बांधून दिली. मी रानात गेलो. दिवस मावळायला आलो, तर चुलीपुढं आडवी. संपलेली.

कान गार पडलेली मेंढी जगत नाही, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे. मेंढी असती तर त्या दिवशी मी घर सोडलं नसतं.

हे सगळं मी तिथंच ओसरीवर नातीला बोलून टाकलं. वाटलं, पोरगी आहे, धीर देईल. तिनं मोबाइल बाजूला ठेवला.

"गार कानाचं आजीला ठाऊक हुतं का?"

"हुतं," मी म्हणालो. "ती बी धनगराचीच लेक."