भिंतीपलीकडची झाडणी

२६ सप्टेंबर १९९२, शनिवार. काम : ट्रान्सफॉर्मरचं तापमान रजिस्टरमध्ये उतरवणे.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत एवढंच लिहिलेलं आहे. बाकीचं आज लिहिते.

आधी एक सांगून टाकते. भूत, पिशाच्च, अंगात येणं यावर माझा कधी विश्वास नव्हता. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली बाई. ज्याला मीटर लागत नाही ते माझ्या दृष्टीने नसतंच. इथे कुणाला पटवायला लिहीत नाही. जे झालं ते क्रमाने सांगते, तुम्ही काय ते ठरवा.

तेव्हा मी अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत विद्युत विभागाची प्रमुख होते. वय चव्वेचाळीस. आमचा मोठा ट्रान्सफॉर्मर ड्राय टाइपचा होता, म्हणजे त्यात तेल नसतं. गुंडाळ्या उघड्या आणि त्या हवेनेच थंड होतात. गिरणीत आगीची भीती, म्हणून मुद्दाम तेलाचा घेतला नव्हता. त्याच्या खोलीची एक भिंत रीलिंग खात्याला लागून होती, तिच्यात वरती हवेसाठी जाळीचा झरोका. तिथे चाळीसेक बायका सुताच्या लडी करायच्या, आणि तयार लडी त्याच भिंतीशी रचलेल्या असायच्या. हे लक्षात ठेवा.

ड्राय ट्रान्सफॉर्मरला एकच पथ्य... तो स्वच्छ ठेवायचा. गिरणीत कापसाची लव सतत उडते. ती गुंडाळ्यांमधल्या फटींत बसली की हवा खेळत नाही, तो तापतो आणि मग तीच लव पेटू शकते.

माझ्या आधीपासून ही सफाई भिका नाना करत. जुने वायरमन, शाळा चौथीपर्यंत. दर अमावास्येला दुपारी ते सप्लाय बंद करायचे, आर्थिंग लावायचे आणि बांबूला बांधलेल्या शिंदीच्या झाडणीने हलक्या हाताने तिन्ही गुंडाळ्या झाडायचे. एक झाली की झाडणी फरशीवर दोनदा आपटून लव पाडायचे. टक टक. मग पुढची. अमावास्येला कामगार तसेही मशीनला हात लावायला नाखूश, त्यामुळे दोन तास गिरणी बंद राहिली तरी कुणी ओरडायचं नाही.

मला ती अमावास्या खुपायची. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं : वर्षातून एकदा सफाई, धुळीच्या जागी त्याहून लवकर. मी हिशोब केला, तीन महिने म्हणजे भरपूर झालं. नानांना पुस्तक दाखवलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमनं पुस्तक लिखनारानी कापूस देखेल शे का?"

पुस्तक लिहिणाऱ्याने कापूस पाहिलाय का म्हणे! मी हसले. मोठ्याने हसले, हे कबूल करते.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, महिनाभराने नाना गेले. झोपेतच. जूनअखेर मी स्वतः उभं राहून सफाई करून घेतली, नवीन व्हॅक्यूम क्लीनरने. नानांची झाडणी मोडीत टाकली. वेळापत्रक टाइप केलं, मॅनेजरसाहेबांची सही घेतली. पुढची सफाई ३० सप्टेंबरला.

जुलैच्या शेवटी रीलिंगमधल्या सुमनअक्का मला व्हरांड्यात भेटल्या. पन्नाशीची बाई, जीभ धारदार.

"ताई, भिंतनामांगे कोन झाडी ऱ्हायनं व्हतं काल? चांगला झाडस हो. मन्हा नवराले बी शिकाडा म्हना."

बायका खिदळल्या. मी म्हटलं, "अक्का, आत अकरा हजार व्होल्ट आहेत. आत जो जाईल तो झाडायला उरणार नाही."

मुळात आत जाताच येत नव्हतं. त्या खोलीला एकच दार. किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात. आणि दार उघडलं की सप्लाय आपोआप तुटतो, अशी व्यवस्था होती. म्हणजे कुणी आत गेलं असतं तर अख्खी गिरणी थांबली असती. ती थांबली नव्हती.

पण रजिस्टर पाहिलं तेव्हा एक गोष्ट खटकली. जुलैभर तापमान थोडं थोडं चढत होतं, ९६ वरून १०४ पर्यंत. लवेमुळे चढणारच. मात्र आदल्या दिवशी अमावास्या होती, आणि त्यानंतर ते एकदम ९५ होतं. लोड तोच. मी शेरा लिहिला : "पाऊस. हवा थंड."

पोळ्याच्या अमावास्येलाही तसंच झालं. पुन्हा चढलेलं तापमान एका दिवसात खाली. त्या दिवशी पाऊस नव्हता, कडक ऊन होतं. मी शेरा लिहिलाच नाही.

आता २६ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या. मी साडेअकराला खोलीबाहेरच्या पॅनेलवर आकडे बघत होते. तिन्ही गुंडाळ्या १०६ च्या आसपास. आतून ट्रान्सफॉर्मरची नेहमीची घरघर. आणि तिच्यात...

सर्र. सर्र. सर्र.

मी कान दाराला लावला. शिंदीची झाडणी, हलक्या हाताची. थोड्या वेळाने फरशीवर आवाज. टक टक.

मी कमरेची किल्ली चाचपली, ती जुडग्यातच होती.

"कोण आहे आत?" मी ओरडले. झाडणं थांबलं नाही. दुसरी गुंडाळी झाली. टक टक. तिसरी सुरू झाली. इतक्यात गिरणीचा बाराचा भोंगा झाला आणि तो संपता संपता झाडणं मध्येच थांबलं. मी वाट पाहत उभी राहिले. टक टक आलंच नाही.

पलीकडून सुमनअक्का आल्या. चेहरा उतरलेला. थट्टा नव्हती.

"ताई, आज आर्ध्यावर सोडं त्यानी."

पॅनेल पाहिलं. पहिल्या दोन गुंडाळ्या खाली यायला लागल्या होत्या. तिसरी वर. १०९... एकच्या सुमारास ११४. अलार्म १३० ला वाजतो. पुस्तकाप्रमाणे काळजीचं काही नव्हतं.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. "गिरणी दोन तास बंद करायची आहे. आत्ता."

"मॅडम, अलार्म वाजला का?"

"नाही."

"मग? सफाई तीस तारखेला. पुस्तक तुमचं, तीन महिने तुमचे, सही तेवढी माझी. आता चार दिवसांत असं काय झालं?"

काय सांगणार होते? मेलेल्या वायरमनने काम अर्धवट सोडलं? भिंतीपलीकडे चाळीस बायका बसल्या होत्या, एवढंच डोक्यात होतं.

"माझे तीन महिने चुकले," मी म्हटलं. "लिहून देते. बंद करा."

माझ्या तोंडून 'चुकले' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी फोन उचलला आणि गिरणी बंद करायला सांगितलं.

दोनला रघुनाथ आला, आमचा दुसऱ्या पाळीचा वायरमन. आर्थिंग लावून आम्ही दार उघडलं.

पहिल्या दोन गुंडाळ्या लखलखीत. तिसरी वरून अर्धी साफ, मग सरळ रेघ, आणि रेघेखाली लवेचा जाड थर. फटी ठासून भरलेल्या. आतली लव करपून तपकिरी झाली होती, एका जागी तर अंगठ्याएवढी काळी. जळक्या कापसाचा वास. अजून चार दिवस ती तशीच राहिली असती तर ठिणगी झरोक्यातून थेट लडींवर. फरशीवर लवेचा थर होता, त्यावर पाऊल नव्हतं. एकही नाही.

रघुनाथला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो फटी साफ करता करता बोलत होता. तो नानांच्याच गावचा, गिरणीपासून दोन मैलांवरचा.

"ताई, पोटात कावळे ओरडत होते, आणि खरा कावळा काही येईना. नानांच्या घरी पान होतं आज. वर्ष व्हायचंय, पण पोराने ठेवलं. अकरापासून आम्ही बठ्ठा जण पंगत धरून बसलो. नानांची म्हातारी म्हणे, 'त्यास्नं कामाचं काही राहिलं असेल.' शेवटी पोरगा हात जोडून बोलला, 'नाना, आता पुरे करा, जेवून घ्या.' तेव्हा कुठे एक आला आणि सगळं पान साफ केलं."

"किती वाजता?" मी विचारलं.

"इथला बाराचा भोंगा ऐकू आला ना, तेवढ्यात."

मी फडकं घेतलं आणि रेघेखालची उरलेली गुंडाळी स्वतः पुसली.

नंतर मी खूप विचार केला. उंदीर? उंदीर आत गेला असता तर तिथेच जळला असता. हवेचा झोत? हवेला मध्येच सरळ रेघ मारता येत नाही. आवाज भास असेल, पण रजिस्टरमधले आकडे माझ्याच हातचे आहेत. ते रजिस्टर मी आजही ठेवलंय. उत्तर नाही. मीही आता शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून शिंदीची झाडणी घेतली, तिला लांब बांबू बांधला आणि खोलीबाहेरच्या नानांच्या खिळ्याला लटकवली. मग ऑफिसात जाऊन नवीन वेळापत्रक टाइप केलं : ड्राय ट्रान्सफॉर्मर, सफाई, दर अमावास्येला दुपारी.

साहेबांनी सही करण्याआधी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "कारण लिहिलं नाहीत."

मी पेन घेतलं आणि लिहिलं : कापूस.